दार उघडं ठेवून

जॅनेटला शाळेत आदिमानवाचा तक्ता न्यायचा होता. डावीकडे भाले घेऊन रानबैलामागे धावणारी माणसं होती, उजवीकडे दावणीला बांधलेली गाय. मधे रानडुकरं कशी माणसाळली ते काढायचं होतं. ती जागा अजून कोरी होती आणि पॅट्रिकचे डोळे मिटत होते. कतारमध्ये रास लफानच्या गॅस प्लांटवर सहा रात्रपाळ्या काढून आज त्याला सुटी मिळाली होती.

तक्त्याखाली कंपनीचा फॉर्म दबला होता. आणखी तीन वर्षं राहणार की परत जाणार, ते आजच कळवायचं होतं. "ह्या वर्षी खलास, वसईला जायचं," असं त्यानेच बायकोला, जोसेफीनला, नाताळात सांगितलं होतं. तेव्हापासून ती बिचारी मनाने तिकडेच होती.

"पपा, हाऊ डिड दे कॅच द पिग्ज?" जॅनेटने विचारलं.

"पकडलं नसेल कुणी. उष्टंखरकटं खायला तीच आली असतील." पॅट्रिकच्या वडिलांनी वसईला डुकरं पाळली होती. "आजोबा नुसता पेजेचा डबा वाजवायचे. असतील तिथून धावत यायची."

"अँड हाऊ डू यू नो दे आर टेम?"

"कुंपणाचं दार रात्रभर उघडं ठेवायचं. सकाळी आतच दिसली, तर ती आपली."

जॅनेटने मधल्या जागेत एक उघडं दार काढलं आणि आत एक लठ्ठ डुकरीण बसवली.

संध्याकाळी साडेपाचला खाली पाळीच्या बसने हॉर्न दिला. पॅट्रिक उठला. हेल्मेट काखेत मारलं, सेफ्टी शूज चढवले आणि खाली बसून लेस बांधू लागला.

"पपा, टुडे इज युअर ऑफ," जॅनेट खळखळून हसली.

जोसेफीन हसली नाही. तिने तक्त्याखालचा फॉर्म ओढला, त्यावर पेन ठेवलं आणि दोन्ही त्याच्यापुढे सरकवलं.

"दार उघडं आहे, पॅट्रिक," ती म्हणाली.

बस निघून गेल्याचा आवाज आला. पॅट्रिक फार थकला होता, त्याला खरंच घरी जायचं होतं. पण वसईला रोज साडेपाच वाजता काय करायचं, ते त्याला काही केल्या सुचेना.

त्याने 'राहणार'समोरच्या चौकोनात खूण केली, आणि मग बूट काढायला वाकला.