बाबांच्या बारा मोटारी

बाबांनी सकाळपासून अकरा मोटारी जिंकल्या होत्या. दर पाच मिनिटांनी कॉम्प्युटरवर एक चौकट उघडे, रंगीत कागदांचा पाऊस पडे आणि 'अभिनंदन!' अशी अक्षरं नाचत. बारावी मोटार लागल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शिंप्याचंच काम हे. बिलं छापायला येतो ना, तो त्याचा कळकट पेनड्राइव्ह घेऊन! आजपासून बंदी त्याला."

लेकीनं कॉम्प्युटरमागच्या खाचेतल्या पेनड्राइव्हकडे पाहिलं. आदल्या रात्री ऑफिसातला तो पेनड्राइव्ह तिनंच इथं लावला होता, आणि पहिली मोटार आज सकाळी लागली होती. शेजारचे शिंपीकाका तर पंधरा दिवसांत फिरकलेही नव्हते. ती सांगणार, एवढ्यात बाबा म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांची कुलपं दुरुस्त केली मी. आणि चोर शिरला तो माझ्याच घरात!"

तिनं खुर्ची पुढं ओढली.

दोघं अँटिव्हायरस निवडायला बसली. पहिला फुकटातला. तो चोर सोडून स्वतःचीच जाहिरात करत सुटला. दुसऱ्यानं कॉम्प्युटर इतका जड केला, की बाबा चहा करून, पिऊन, कप विसळून आले तरी पडदा पांढराच. तिसऱ्यात फायरवॉलही होती. आत येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी पेनड्राइव्हलाही, तो दारात थांबवी आणि बाबांना विचारी, येऊ देऊ का?

"हाच घ्यायचा," बाबा खूश झाले. "पहिला नुसता भुंकतो, दुसरा दारात आडवा पडून घोरतो. हा निदान घरच्यांना विचारतो तरी."

"आणि शिंपीकाका आले तर?"

"आधी झडती. मग बघू."

ती हसत हसत निघाली. तिचा पेनड्राइव्ह कॉम्प्युटरलाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

तीन आठवड्यांनी ती बाबांचं घर आवरत असताना शिंपीकाका दारात उभे राहिले.

"बिलं छापायची होती गं. पण राहू दे, नंतर येईन." ते घुटमळले. "जायच्या आदल्या संध्याकाळी फोन आला होता त्याचा. म्हणाला, 'ये रे उद्या, तुझी बंदी उठली.' कसली बंदी, ते काही बोलला नाही."

"या ना काका," ती म्हणाली आणि तिनं कॉम्प्युटर सुरू केला.

मोटार आली नाही. एक साधी चौकट उघडली. तिचा पेनड्राइव्ह अजून खाचेतच होता. खाली त्या संध्याकाळची तारीख आणि नोंद: एक व्हायरस सापडला, काढून टाकला. त्याच्या पुढं, पेनड्राइव्हचं नाव लिहायच्या जागेत, बाबांनी एकेक अक्षर शोधून टाइप केलं होतं:

'लेकीचा आहे. चोर यानंच आणला. पुन्हा विचारू नको, येऊ दे.'

शिंपीकाकांनी तिच्या खांद्यावरून वाचलं. पुन्हा वाचलं.

"म्हणजे चोरी तुझी आणि बंदी मला?"

ती हसायला लागली. काकाही हसायला लागले, इतके की त्यांना टेबलाची कड धरावी लागली. हसू ओसरल्यावर तिनं डोळे पुसले आणि बाबांच्या खुर्चीकडे वळून मोठ्यानं म्हणाली,

"बाबा, त्या मोटारी मी आणल्या होत्या. बाराच्या बारा."