मागे कुणी नाही

"ही खेळण्यातली गाडी तू कड्यावर चढवणार?" वेंडेलने भावजयीच्या गाडीच्या चाकाला बुटाने ढोसलं. "शोरूममधून आणली तशीच आहे की गं अजून. सीटवरचं प्लास्टिक तरी काढलंस का?"

"गसची गाडीही अशीच होती," लॉरेटा म्हणाली. "आणि त्याच गाडीने तुझी ही उंच टायरांची जीप चिखलातून ओढून काढली होती. तुमच्या जीप क्लबात सांगू का सगळ्यांना?"

वेंडेलचा चेहरा लाल झाला. गस त्याचा धाकटा भाऊ. तो हिवाळ्यात गेला आणि वडिलांनी जंगलात बांधलेल्या केबिनवरून दीर-भावजयीत जुंपली. दोघांचं एकमेकांना नको नको ते ऐकवून झालं होतं. शेवटी पैज लागली. लॉरेटाची गाडी कड्याच्या वाटेने, कुणी न ओढता, आज केबिनपर्यंत पोचली तर वेंडेलने पुन्हा तोंड उघडायचं नाही. नाही पोचली तर तिने केबिनवर पाणी सोडायचं.

वेंडेलची मुलगी टेस गुडघे टेकून काकूच्या टायरांतली हवा कमी करत होती, म्हणजे दगडांवर पकड बसते.

"तू कुणाच्या बाजूची गं?" वेंडेलने विचारलं.

"हवेच्या," टेस म्हणाली. "बाबा, आज तरी तुझी जीप चालवू दे ना. दोन उन्हाळे शिकवलंस ते काय नुसतं शेजारी बसायला?"

"माझ्या जिपेला हात लावायचा नाही. इथे जंगलाच्या गेटपाशी वॉकीटॉकी घेऊन बस. उतरताना घेऊन जातो."

टेसने ओठ मुडपले आणि पुढच्या टायरकडे वळली.

"गाडी येईल वर," लॉरेटा एवढंच म्हणाली. किल्ली आवळून धरलेली तिची बोटं पांढरीफटक पडली होती. वेंडेलने ते पाहिलं आणि त्याला बरं वाटलं.

तो जीप काढून पुढे निघाला. पाइनची झाडं विरळ होईपर्यंत त्याने मागे पाहिलं नाही. मग आरशात, धुळीच्या लोटात, लॉरेटाची राखाडी गाडी दिसली. काचेवर ऊन चमकत होतं.

वाटेत एक मोठा पायरीसारखा दगड आहे. नवखा माणूस त्याला वळसा घालायला जातो आणि खड्ड्यात बसतो. डावं चाक सरळ दगडावर चढवायचं, गाडी कलली तरी घाबरायचं नाही, ही वेंडेलची रीत. तो चढला आणि मजा बघायला थांबला. राखाडी गाडी दगडापाशी आली, क्षणभर अडखळली, आणि डावं चाक दगडावर घालून अलगद वर आली.

वेंडेलचं डोकंच फिरलं. गसने बायकोला हेही शिकवलं होतं तर!

त्याने वॉकीटॉकी उचलला. डोंगर आड आल्यामुळे गेटचा आवाज केव्हाच तुटला होता, पण मागच्या गाडीला ऐकू जात होतं. "काय गं, घाम फुटला का? अजून कडा यायचाय. तिथे गस येणार नाही हात धरायला."

पलीकडून फक्त बटण दाबल्याची टिकटिक आली. एरवी लॉरेटा कुणाचा शब्द खाली पडू द्यायची नाही. भीतीने दातखीळ बसली असणार, वेंडेल मनाशी म्हणाला, आणि त्याने जीप जोरात दामटली. कडा ओलांडून तो पलीकडच्या रुंद जागेत पोचला तेव्हा राखाडी गाडी दोन वळणं मागे पडली होती.

तिथे वरून तीन जिपा उतरत आल्या. कड्याच्या अरुंद वाटेवर एकच गाडी मावते, म्हणून इथली रीत अशी, की समोरच्याला बोटं दाखवायची. मागे जितक्या गाड्या, तितकी बोटं. मागे कुणी नसेल तर मूठ. मग उतरणाऱ्याने थांबायचं की निघायचं ते ठरतं. या खुणेवर कुणी कधी शंका घेत नाही.

पहिल्या जिपेतल्या बाईने दोन बोटं दाखवली आणि खिडकीतून ओरडून विचारलं, "तुमच्या मागे?"

वेंडेलने हात वर केला. एक बोट उभं होतं. मग ते हळूच मिटलं.

"चला, बरं झालं!" बाई हसली. तिन्ही जिपा भराभर कड्याकडे उतरल्या.

तीन जिपा समोर आल्या की जाऊ दे तिला मागे मागे, रिव्हर्समध्ये, दरीकडे बघत, वेंडेल मनात म्हणत होता. रडत गाडी सोडून देईल. त्यापलीकडे काही झालं तर, हा विचार त्याने पुरा केला नाही. थोडं वर गेल्यावर खालून हॉर्न ऐकू आला, लांबलचक. मग खडी घसरल्याचा आवाज, बराच वेळ. इथे दगड रोजच पडतात. त्याने काच वर केली.

केबिनच्या पायरीवर बसून त्याने बिअर उघडली. केबिन आता त्याचीच होती. कुणी आलं नाही. बिअर संपली, सावल्या अंगणभर पसरल्या, तरी कुणी आलं नाही. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो काही केल्या होईना.

जिपेतला वॉकीटॉकी खरखरला. इतक्या उंचावर खालच्या गेटचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागतो. आवाज लॉरेटाचाच होता, अगदी स्वच्छ. वेंडेल धावत गेला. जीव भांड्यात पडल्यासारखं झालं, आणि त्याचा त्याला रागही आला.

"हरलीस ना?" तो म्हणाला.

"वेंडेल, मी गेटपाशीच आहे रे. तू निघालास आणि माझे हातच कापायला लागले. टेस म्हणाली, काकू, किल्ली दे, आणि बाबाला आत्ता काही सांगू नकोस, वर गेल्यावर त्याचा चेहरा बघायचाय मला. इतका वेळ झाला, वरूनही कुणी खाली आलं नाही. पोचली ना रे पोरगी?"