वापर नाही

रुळांपलीकडे जाणारी पायवाट बंद करायची का, हे ठरवायला नव्या रेल्वेलाईनचे सर्व्हेअर गद्रे तीन दिवस बाभळीखाली माणसं मोजत बसले होते. वाटेवर कुणीच फिरकलं नाही. जवळच्या घरातली सगुणाबाई तेवढी रोज तांब्याभर ताक आणून द्यायची. गद्र्यांनी अहवालात ठोकून दिलं, ‘वापर नाही.’

महिन्याभरात कुंपण उभं राहिलं. आज तिथे तिरडी अडली, म्हणून गद्र्यांना बोलावणं आलं. स्मशान रुळांपलीकडे होतं.

“साहेब, तुमी मोजाया बसला,” मडकं धरलेला माणूस शांतपणे म्हणाला, “तवा गावात कुनी मेलंच नव्हतं.”

गद्र्यांची मान खाली गेली, आणि कुंपणाशी टेकवलेल्या तिरडीवरची सगुणाबाई दिसली. तीन दिवस ते तिच्या हातचं ताक प्यायले होते. ही वाट कुठे जाते, एवढं मात्र तिला एकदाही विचारलं नव्हतं.