माय काय म्हणाली

"ही कविता कुठून उतरवून घेतलीस?" आरती मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं.

"कुठूनच नाई," रागिणी म्हणाली. "माही हाये. मायनं मनलं, म्या लिवलं."

"म्हणजे आईची आहे?"

"नाई. माहीच हाये."

मॅडमनी वही पुन्हा डोळ्यांसमोर धरली. आठवडाभर त्या सातवीच्या मुलांना अष्टाक्षरी शिकवत होत्या. ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं, बोटांवर मोजायचं. पोरं मोजत होती, पण कविता काही होत नव्हती. पियुषने क्रिकेटवर लिहून आणली, एकेका ओळीत अकरा अक्षरं. का, तर "खेळाडू अकरा असतात, मॅडम." आणि वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या रागिणीच्या वहीत हे:

मेथी बांधता बांधता
माय मने, सांग पोरी,
जुडी सुटली त बांधू
तुह्यासाठी कुठं दोरी?

एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. अकोल्याच्या बालकवी संमेलनाला कविता आजच पाठवायची होती. सोबतच्या कागदावर छापलं होतं, 'ही कविता विद्यार्थ्याची स्वतःची आहे.' खाली दोन सह्या, शिक्षकाची आणि पालकाची. मॅडमनी रागिणीच्या आईला फोन लावला.

मधल्या सुट्टीत सुभद्रा आली, हिवरखेडच्या बाजारातून थेट. साडीला मेथीचा पाला चिकटलेला होता. तिने दाराबाहेर चपला काढल्या.

"काय केलं मॅडम इनं? कोनाले मारलं?"

"नाही हो ताई. बसा. कविता लिहिली आहे तिने. तुम्ही सांगितलेलं लिहिलं, असं म्हणते."

मॅडमनी कविता वाचून दाखवली. सुभद्राने शेवटपर्यंत ऐकली आणि लेकीकडे वळली.

"म्या कवा मनलं व असं?"

"काल. जुड्या बांधताना."

"काल म्या मनलं, हात चालव, टेम्पो येऊन राहिला. आन् मनलं, अमरावतीले अशी हयगय चालनार नाई." ती मॅडमकडे वळली. "तुमीच सांगा. तिथल्या वसतिगृहाचा फॉर्म कोनं भरला? म्याच. इचे बाबा नाई मनत होते, म्या त्याईच्याशी भांडली. येत्या जूनमदे जाऊन राहिली पोरगी. म्या कायले इले दोरी शोधू?"

रागिणी पायाच्या अंगठ्याने फरशीवर रेघ ओढत उभी राहिली.

कविता कुठून उतरवलेली नव्हती, हे आता मॅडमना पटलं होतं. पण आईनेही असं काही म्हटलं नव्हतं. मग ही पोरगी खोटं बोलत होती का? आणि बोलत असेल, तर चूक नेमकी कुठे दाखवायची? अक्षरं तर बरोबर होती.

"रागिणी, आई नाही म्हणते आहे."

"तोंडानं नाई मनलं तिनं," रागिणी खाली बघतच म्हणाली. "पन थे एकच जुडी तीनदा सोडली. अन् तीनदा बांधली. चांगली होती थे जुडी."

मैदानावर पोरांचा गलका चालला होता. सुभद्राने साडीवरचं एक पान काढलं, ते कुठे टाकावं तिला कळेना, म्हणून मुठीतच धरलं.

"पुन्ना वाचा बरं."

मॅडमनी वाचलं.

"शेवटचं तेवढं आखीन एकडाव."

मॅडमनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग पेन उचललं. "ताई, तुमचंही बरोबर आहे. तुम्ही जे म्हटलंच नाही, ते तुमच्या नावावर कसं जाऊ द्यायचं? दुसरी ओळ मी खोडते. ती नवीन लिहील."

"तो कागद द्या इकडं."

सुभद्राने कागद टेबलावर सरळ केला आणि 'पालक' लिहिलं होतं तिथे सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत सही केली. शाई वाळेपर्यंत ती तशीच वाकून राहिली. लेकीकडे तिने पाहिलं नाही.

"खोटं हाये हे, मॅडम. म्या असं कायीच मनलं नाई." तिने कागद मॅडमकडे सरकवला. "पन खोडू नका."