बदलीला

डबी रिकामी होती.

भीमाशंकरच्या प्रेताला अंघोळ घालून ओसरीवर भिंतीशी टेकवून बसवलं होतं. कपाळाला विभूती, गळ्यात बेलाची माळ. इष्टलिंग तळहातावर ठेवायचं आणि उचलायचं, एवढंच राहिलं होतं. त्याच्या चुलत भावानं, मन्मथप्पानं, गळ्यातली चांदीची डबी सोडली, झाकण काढलं आणि तो तसाच थांबला. मग ती उलटी करून त्यानं अंगणात बसलेल्या सगळ्यांना दाखवली.

"लिंग न्हाई ह्यात."

दिंद्रुडच्या त्या अंगणात माणसं एकमेकांकडं बघू लागली. लिंगायताच्या अंगावरचं लिंग मरेपर्यंत उतरत नाही. ते हरवलं तर माणसानंही जगू नये, असं जुनी माणसं सांगत. आणि भीमाशंकर ही रिकामी डबी घालून इतकी वर्षं सगळ्यांच्या पंगतीला बसला होता.

"जहाजावरच गेलं असंल," कुणीतरी पुटपुटलं. इंग्रजांच्या आरमारात चाकरी करून निजामाच्या मोगलाईत परतलेला, समुद्र पाहिलेला, गावात हा एकच माणूस.

मन्मथप्पाचा आवाज चढला. "आमच्या समाधीच्या जागेत न्हाई नेता येणार ह्याला. शेतात न्या कुठंबी."

घोंगडीवर बसलेले म्हातारे सिद्धेश्वर स्वामी म्हणजे गावाला लिंग बांधणारे गुरू. ते दानम्माकडं पाहत होते. भीमाशंकरची ही एकुलती एक लेक. सकाळीच सासरहून, उमापूरहून, बैलगाडीनं येऊन उतरली होती.

"पोरी, तुला ठावं होतं?"

"होतं." दानम्मा उठून उभी राहिली. "माझं लगीन ठरलं तवा आप्पांनी सांगितलं मला. म्हणले, लेकीपासून लपवून अक्षता कशा टाकू."

"मग आता आमाला सांग."

तिनं बापाकडं एकदा पाहिलं. त्यानं विश्वासानं सांगितलेलं आता भर अंगणात उघडं करायचं होतं. पण बोलली.

"लढाईच्या वक्ताला आप्पा जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकायला होते. इकडं पटकी आली, माझी आई गेली. मी दूधपिती न्हवते, पर चालायला लागून लई दिवस झाले न्हवते. बसऱ्याला त्यांना खबर लागली. रजा घेऊन निघाले. मुंबई दिसायच्या आधीच त्यांचं जहाज पाण्यातल्या सुरुंगावर आदळलं."

दाराआडच्या बाया उंबऱ्यापाशी सरकल्या.

"पाण्यात पडले, तर गळ्यातला दोरा जहाजाच्या लोखंडात अडकला. जहाज खाली चाललेलं. दोरा ठिवावा तर ते बी खाली. तोडला त्यांनी."

"मग जीव बी द्यायचा होता," मन्मथप्पा म्हणाला. "रीत हाय ती."

"द्यायलाच निघालते, काका. हातपाय सोडून दिलते. मग मनात आलं, उमाबाईच्या ओसरीवर माझी पोर बसली असंल. तसे हात मारायला लागले."

शेजारची उमाबाई दारातून पुढं आली. तिचे डोळे वाहत होते. "खरं हाय. हिला माझ्या कडेवरून घेतली, ती पुन्हा कुणाकडं दिली न्हाई बाबा त्यानं. दुसरी बायको केली न्हाई. भाकरी थापायला शिकला. येणी तेवढी घालता येत न्हवती, जहाजावरचा दोर वळावा तशी वळायचा. लग्नात हिची येणी सोडवता सोडवता सासरच्या बाया रडकुंडीला आल्या."

अंगणात कुणाला तरी हसू फुटलं आणि तिथंच विरलं.

"माझ्याकडं का म्हणून आला न्हाई तो?" स्वामींनी विचारलं. "मी दुसरं बांधलं असतं."

"मीबी तेच म्हणले. तर म्हणले, बुडायची पाळी माझी होती. महादेव माझ्या बदलीला उतरला. तो तिथं खाली असताना मी हितं दुसरा कसा मागू?"

स्वामींनी शेजारची झोळी खांद्याला अडकवली. मग काठी टेकत उठले. झोळीतून त्यांनी नवं इष्टलिंग काढलं आणि पाण्यानं धुतलं.

दानम्मा एक पाऊल पुढं आली. "स्वामी, आप्पाला चालंल का?"

"चालंल. बदली संपली, पोरी. आता तो सोता निघालाय."

त्यांनी लिंग भीमाशंकरच्या डाव्या तळव्यावर ठेवलं, एकेक बोट मिटवलं आणि नुकत्या जन्मलेल्या लेकराच्या कानात सांगावा तसा त्याच्या कानात मंत्र सांगितला. मग अंगणाकडं वळले. "ज्याला खांदा द्यायचा नसंल त्यानं घरी जावं."

कुणी गेलं नाही. मन्मथप्पा मात्र खांदा द्यायला उठला नाही. भीमाशंकरला बसवलेलं डोलीसारखं विमान उचललं, गल्लीच्या वळणापर्यंत गेलं, तेव्हा तो उठला. आपलं किराणा दुकान उघडून त्यानं मिठाचं पोतं पाठीवर घेतलं आणि सगळ्यांच्या मागून चालू लागला.

खड्ड्यात भीमाशंकरला पूर्वेला तोंड करून बसवलं. विभूती टाकली, बेल टाकला. मग मन्मथप्पा पोतं घेऊन वाकला आणि समाधीत भरतात तसं भोवतीनं मीठ सोडू लागला. मांड्या झाकल्या. मिटलेला हात झाकला. मीठ छातीला लागलं तसा तो थांबला आणि त्यानं काठावरच्या दानम्माकडं पाहिलं.

"बास करू का?"

"टाका, काका," ती म्हणाली. "खाऱ्या पाण्यातनंच आलते ते माझ्याकडं."