वरची एक ओळ

कोड तपासणाऱ्या कंपायलरनं स्क्रीनवर चूक म्हणून मारलेली लाल रेघ जात नव्हती. शाल्मली पेनाचं टोपण सारखी उघडत-मिटत होती. समोरच्या काचेच्या खोलीत नव्या प्रोजेक्टची कामं वाटणं चालू होतं, आणि तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"कंपायलरचं बरोबर आहे गं," शेजारचा निरंजन वाकून म्हणाला. "यादी उलटी करणारं हे फंक्शन एरवी कशावरही चालतं. पण तू ते दुसऱ्या फंक्शनच्या हाती दिलंस. तिथं आधी आकड्यांची यादी आली, म्हणून तो समजला, हे आकड्यांचंच. आता शब्दांची यादी आली की अडतो."

"एवढंही कळू नये त्याला?"

"नाहीच कळत. वर एक ओळ लिही, की हे कुठल्याही यादीवर चालतं. मुकाट ऐकेल."

तिनं लिहिलं. रेघ गेली. ती मात्र त्या ओळीकडे बघत राहिली.

जुन्या टीममध्ये ती सगळं करायची. विक्रांत सरांच्या टीममध्ये आल्याआल्या तिनं एक रिपोर्ट नीट करून दिला, आणि तेव्हापासून नुसते रिपोर्टच. सरांना कळेल कधीतरी, म्हणून ती वर्षभर गप्प होती.

टोपण तिथंच टाकून तिनं काचेचं दार ढकललं.

"ये, रिपोर्टसमोर तुझंच नाव लिहिलंय," फळ्यापाशी उभे असलेले सर म्हणाले.

"सर, मला सगळी कामं येतात." आवाज जरा चढलाच. "मुख्य कोड मला लिहायचाय."

"अगं, मग सांगायचंस ना!" म्हणत सर डस्टर शोधू लागले.