वजा पंधरा मिनिटं

हजेरीच्या पडद्यावर रोज उशिराचा लाल शेरा पडतो, म्हणून प्रोग्रॅमर भालेरावनं स्वतःच लिहिलेल्या, कंप्युटरना वेळ सांगणाऱ्या शेअर्ड लायब्ररीत, म्हणजे सामायिक कोडमध्ये, एकच ओळ वाढवली: पंधरा मिनिटं वजा. लायब्ररी कंपाइल करून जुनीच्या जागी ठेवली. दुसऱ्या दिवशी स्वारी सव्वादहाला आली, पडद्यावर दहा!

पण तीच लायब्ररी ऑफिसातले सगळे प्रोग्रॅम वापरत. जेवणाची घंटा उशिरा झाली. सहाला आपोआप उघडणारं दार सहा वाजून गेले तरी उघडेना, आणि त्याची एसटी होती सहा दहाची.

"मॅडम, कंप्युटर मागे आहे हो," तो काकुळतीला आला.

"तुमचं घड्याळ पुढे असेल," हजेरी बघणाऱ्या ढवळे मॅडम हसल्या. "वेळेची लायब्ररी तुम्हीच लिहिलीत ना? मग ती चुकेल कशी?"

एसटी मात्र भालेरावची लायब्ररी वापरत नव्हती. आज नेमकी वेळेवर सुटली.